नवरदेवाचं माप

सेक्रेटरी आला तेव्हा टेलरताई एका पॅन्टची चेन उसवत होती. ओठात टाचण्या, मांडीवर पॅन्ट, त्यामुळे तिनं नुसती मान हलवून त्याला स्टूल दाखवलं. तो बसला नाही. घाईत होता. घाईत असणं हेच ह्याचं मुख्य काम असावं असं टेलरताईचं मत होतं. मंडळाच्या हॉलचे पडदे सांगायला आला तेव्हाही तो असाच दारात उभ्या उभ्या बोलला होता, आणि सहाऐवजी पाच खिडक्या सांगून गेला होता.

"देवाचे कपडे शिवायचेत," तो म्हणाला. "सहा दिवस, सहा जोड. सातव्या दिवशी लग्न, त्याचा वेगळा. माप लिहून आणलंय."

"हुथला एव?" टेलरताईनं टाचण्यांमधून 'कुठला देव' असं विचारलं. त्याला 'नवा देव' ऐकू आलं.

"हो, नवाच आहे. नवी मूर्ती," असं म्हणून त्यानं कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि गेलासुद्धा.

कागदावर लिहिलं होतं, उंची चौतीस इंच, छाती सोळा, रेशीम, पहिले पाच रंग कुठलेही, सहावा लाल, सातवा पिवळा. देवाचं नाव कुठेच नव्हतं.

टेलरताईचं दुकान म्हणजे तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली. दोन मशिनं, एक ओव्हरलॉक, भिंतीला लावलेला बार आणि त्यावर चिठ्ठ्या टोचलेले लोकांचे कपडे. मागच्या खोलीच्या दारात सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि बटणांची वर्गवारी करायच्या. वय एकोणऐंशी, पण दोन भोकांचं आणि चार भोकांचं बटण त्या नुसत्या बोटांनी ओळखायच्या.

"कुठला देव गं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं नाही. सहा दिवस आहेत म्हणे, आणि मग लग्न."

"सहा दिवस म्हणजे खंडोबा."

"पण खंडोबाचं मार्गशीर्षात. हे तर पुढच्याच आठवड्यात आहे, आई."

"मग चुकून सांगितलं असेल. त्याला पडदे तरी कुठे मोजता आले होते?"

विषय तिथेच संपला. टेलरताईनं त्या मापावर पहिला जोड कापलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पुजाऱ्याची बायको आली. पुजारीणबाई दक्षिणेकडच्या, बोलायला मोकळ्या, बोलताना समोरच्याचं मनगट धरून ठेवायची सवय. त्यांनी पिशवीतून दोन रेशमी तुकडे काढले, एक हिरवा, एक निळा.

"ह्या नवऱ्यांच्या साड्या. अठरा-अठरा इंचांच्या मूर्ती आहेत. निऱ्या शिवूनच टाका, म्हणजे नेसवताना गडबड नको."

"नवऱ्यांच्या? म्हणजे नवरदेव दोन आहेत?"

"नवरदेव एकच हो! नवऱ्या दोन. एक देवांच्या राजाची लेक, एक रानातली. आमच्या मुरुगनचं लग्न नाही का! सहा दिवस युद्ध करतो, सहाव्या दिवशी त्या शूरपद्म राक्षसाला मारतो, आणि मग लग्न."

मुरुगन म्हणजे कोण, हे टेलरताईला नीटसं माहीत नव्हतं. दक्षिणेकडचा कुणीतरी देव, एवढंच. दोन बायकांचा देव म्हटल्यावर तिला पुन्हा खंडोबाच आठवला. तिनं साड्यांची मापं लिहून घेतली.

त्याच दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर आता निवृत्त होते. पूर्वेकडच्या चार कुटुंबांच्या वतीने मंडळात तेच भांडायचे.

"धोतराच्या निऱ्या बारीक हव्यात, अगदी कात्रीच्या धारेसारख्या. आणि फेटा बेताचा ठेवा, चेहरा झाकला नाही पाहिजे. मिशीसाठी आम्ही तीन मीटिंगा भांडलोय."

"मिशी? म्हणजे हा वेगळा देव का, डॉक्टर? पुजारीणबाई म्हणत होत्या..."

"अहो, मूर्ती एकच. तीन ठिकाणच्या लोकांना तीन मूर्ती कुठे परवडणार? ते त्याला मुरुगन म्हणतात, आम्ही कार्तिक म्हणतो. तुमच्याकडे काय म्हणतात, कार्तिकस्वामी ना?"

टेलरताईनं फोन कधी ठेवला ते तिलाच कळलं नाही. मशिनच्या पेडलवर पाय तसाच दाबलेला राहिला. निळ्या साडीवर एकाच जागी पाच-सात टाके पडून दोऱ्याची गाठ झाली.

"काय झालं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही. दोरा गुंतला."

लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. नवऱ्याबरोबर ती एका टेकडीवरच्या देवळात गेली होती. सोबत नणंद होती. नवरा पुढे, ही त्याच्या मागे, उन्हातून एकदम गाभाऱ्याच्या काळोखात. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, बायकांनी आत जायचं नाही! कार्तिकस्वामी आहे!" ती जागच्या जागी वळली. पण वळायच्या आधी समोर काहीतरी चमकलं होतं. देवाचा डोळा होता, की समई, की मोराची पितळी मान, ते तिला तेव्हाही सांगता आलं नाही आणि नंतरही नाही. बाहेर नणंदेनं सगळं समजावून सांगितलं. आईबापांभोवती फिरून आलेला धाकटा भाऊ शर्यत जिंकला, पृथ्वी फिरून आलेला हा रुसला, घर सोडून डोंगरावर गेला, आणि जी बाई माझं तोंड बघेल ती सात जन्म विधवा होईल असं म्हणून बसला. कृत्तिकांच्या योगाचा एक दिवस तेवढा बायकांना दर्शनाला मोकळा. नवरा हसत सुटला होता. "पाहिलंस तर पाहिलंस," तो म्हणाला होता, "मला काय धाड भरलीय?"

त्यानंतर वीस वर्षं त्याला खरंच धाड भरली नाही. मग आठ वर्षांपूर्वी एका सकाळी तो बूट घालायला खाली वाकला आणि वर आलाच नाही. सुतकाचे दिवस चालू असताना, घर माणसांनी भरलेलं असताना, नणंद रडत रडत म्हणाली, "वहिनीनं पाहिलं होतं ना त्याला. तेव्हाच मला चर्र झालं होतं." सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

त्या दोघी तेव्हापासून एकाच घरात राहत होत्या, एकमेकींची पथ्यं, औषधं, चष्म्याचे नंबर सगळं सांभाळत. पण त्या गप्प बसण्याबद्दल एक शब्द कधी निघाला नाही.

आता त्याच देवाचे कपडे समोर पसरले होते. टेलरताईला काही सुधरेना. काम परत करावं, तर कारण काय सांगायचं? करावं, तर ज्याचं तोंड बघायचं नाही त्याचा गळा कसा बेतायचा? आणि ब्रह्मचारी म्हणून रुसून बसलेला देव दोन-दोन बायका करतो कसा? मग त्या दोघींनी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही की काय? शेवटी तिनं मनाशी ठरवलं की शिवणं वेगळं, बघणं वेगळं. माप कागदावर आहेच, कपडे सेक्रेटरीच्या हाती द्यायचे आणि मोकळं व्हायचं.

पण सेक्रेटरीनं मोजलेलं माप ते. पहिला जोड नेऊन तो तासाभरात परत आला, अंगरखा हातात लोंबत होता.

"ताई, हा देवाच्या पायाखाली वीतभर लोळतोय."

"चौतीस इंच तुम्हीच लिहिलंत."

"हो, पण ते मोर आणि पाट धरून. देव एकटा किती, ते नाही मोजलं. छातीत हातातला भालापण आला असणार. तुम्हीच या ना एकदा."

मंडळाचा हॉल टायरच्या दुकानाच्या वर होता. जिन्यात रबराचा वास, वर पांढऱ्या ट्यूबलाइटा, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या. कोपऱ्यात दोन माणसं पुठ्ठ्याचं राक्षसाचं डोकं रंगवत होती. मूर्ती मधोमध टेबलावर होती, अंगावर चादर टाकलेली. शेजारी पुजारीणबाई आणि डॉक्टरांची आई. म्हातारी चाकांच्या खुर्चीत बसून वातींसाठी कापूस पिंजत होती.

पुजारीणबाईंनी चादर ओढली, तशी टेलरताईनं पटकन चष्मा काढून पर्समध्ये टाकला. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचा माणूस म्हणजे रंगाचा डाग दिसायचा. त्या डागाजवळ जाऊन तिनं चाचपडत टेप लावली. खांदा. छाती. कंबर. लाकूड गुळगुळीत होतं, ताज्या रंगाचं, कोपराशी थोडं चिकटही. मग टेपचा आकडा वाचायची वेळ आली आणि तिच्या लक्षात आलं की आकडाही दिसत नाही.

"अहो, चष्मा का काढलात?" पुजारीणबाईंनी मनगट धरलं.

"धुरकट झालाय."

"मग पुसा की!"

"नको. तुम्हीच आकडा सांगा."

"काहीतरी आहे," डॉक्टरांची आई कापूस बाजूला ठेवत म्हणाली. "बाई घाबरलीय. काय गं, टोचलं का त्याचं काही?"

मग टेलरताईनं सांगून टाकलं. सगळं नाही, पण देऊळ, मागून आलेली हाक, सात जन्म, आणि नवरा. बोलताना ती त्या रंगीत डागाकडे पाठ करून उभी होती.

पुजारीणबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "विधवा? हा करेल? अहो, आमच्यात बायका ह्याच्यासाठी सहा दिवस उपास धरतात! नवऱ्यासाठी, मुलासाठी, कोर्टकचेरीसाठीसुद्धा. रुसून डोंगरावर गेला ते खरं आहे. पण तो आईबापावर रुसला होता. आपला काय संबंध?"

"आमच्याकडे तर तो दारातच आणून ठेवतात," डॉक्टरांची आई म्हणाली. "नवीन जोडपं असलं की शेजारीपाजारी गुपचूप मूर्ती ठेवून पळतात, मुलगा होऊ दे म्हणून. मग पूजा करावीच लागते. माझ्या दारात ठेवलेला मी रोज बघत होते. पहिल्या दोन मुलीच झाल्या, ते सोड. पण नवरा काही गेला नाही. उलट जायचं नाव घेत नव्हता."

"म्हणजे तुमच्याकडे त्याला बायका..."

"एकही नाही. ब्रह्मचारी. पण शौकीन. केस बघ, मिशी बघ."

"ब्रह्मचारी कसा? दोन बायका उभ्या आहेत इथे!" पुजारीणबाईंचा आवाज चढला.

"तुमच्यासाठी उभ्या केल्यात. मीटिंगमध्ये ठरलंय ते."

आवाज ऐकून पुजारी आतून आले. टेलरताईनं त्यांनाच गाठलं. "गुरुजी, तुम्ही सांगा. ह्यातलं खरं काय? बघायचं, की नाही बघायचं?"

पुजाऱ्यांनी उपरण्याचं टोक खांद्यावर टाकलं. "बाई, मला सहा दिवसांची पूजा येते," ते म्हणाले. "लग्नाचे मंत्र येतात. तुम्ही विचारताय त्याचं उत्तर मला येत नाही. येतं असं म्हटलं तर मी खोटा."

टेलरताईला वाटलं होतं की कुणीतरी ठामपणे हो म्हणेल, नाहीतर नाही म्हणेल. हे असं काहीच हाती न लागणं तिला फार अवघड गेलं. तिनं तशीच, बिनचष्म्याची, पुजारीणबाईंकडून आकडे वाचून घेऊन मापं पुरी केली. देव बावीस इंच निघाला.

घरी आली तर सासूबाई तिच्याच खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर तयार झालेली हिरवी साडी, बोटं निऱ्यांवरून फिरत होती.

"बाहुलीची आहे का?"

टेलरताई हो म्हणणार होती. तोंडापर्यंत आलंच होतं. पण दिवसभराच्या गोंधळानं ती थकली होती आणि खोटं रचायलाही थोडी ताकद लागते.

"कार्तिकस्वामीच्या बायकोची आहे," ती म्हणाली. "त्याचेच कपडे शिवतेय मी. आज त्याला हात लावून आले. चष्मा काढून."

सासूबाईंची बोटं थांबली. 

"मी पाहिलंय त्याला," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"त्यालाच. चांगला, समोर उभं राहून. चुकून नाही, तुझ्यासारखं. सगळे पुरुष आत जाऊन बघून येतात आणि आपण बाहेर चपला राखायच्या, ह्याचा मला राग आला होता. गर्दीत शिरले. सत्तावीस वर्षांची होते. हा आठ महिन्यांचा होता, कडेवर."

'हा' म्हणजे टेलरताईचा नवरा. तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

"पण बाबा तर..."

"तुझे सासरे चौऱ्याऐंशीचे होऊन गेले. दात शाबूत. म्हणून मी म्हटलं होतं, सगळं झूट आहे. पंचेचाळीस वर्षं मी मनातल्या मनात हसत होते त्या देवाला." त्यांनी साडी घडी केली, परत उलगडली. "मग हा गेला. बापाच्या आधी. तेव्हा मला वाटलं, देवानं हिशेब दुसरीकडून चुकता केला. माझा नवरा ठेवला आणि कडेवरचा नेला. आणि तेवढ्यात तुझी नणंद तुझ्याबद्दल बोलली."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसले. तुझ्यावर जात होतं, तर जाऊ दिलं. माझ्यावर आलं असतं तर मी त्या दिवशी उठलेच नसते."

टेलरताईला एकदम खूप काही वाटलं आणि त्यातलं नेमकं काय ते कळेना. राग होता, हे नक्की. आठ वर्षं ती आरशात बघताना स्वतःलाच चोरून बघत होती, ती ह्या एका गप्प बसण्यामुळे. पण समोरची म्हातारी आठ वर्षं रोज त्याच आगीत बसून बटणं निवडत होती, हेही आता दिसत होतं. ओरडावं की त्यांचे पाय चेपावेत? तिनं दोन्ही केलं नाही. उठून टेप गुंडाळून ठेवली.

सासूबाईंनी मात्र फोन मागितला. लेकीचा नंबर त्यांना पाठ होता. स्पीकर लावायला सांगितलं.

"ऐक," त्या सरळ विषयावर आल्या. "हा गेला तेव्हा तू वहिनीबद्दल जे बोललीस ना, कार्तिकस्वामीचं, ते चुकीचं होतं. आणि मी गप्प बसले ते त्याहून चूक."

पलीकडे नणंद भांडी लावत होती. तिनं विचारलं, "मी काय बोलले होते?"

"वहिनीनं पाहिलं होतं म्हणून हा गेला, असं."

"मी? असं? अगं आई, मला त्या दिवसांतलं काही म्हणजे काही आठवत नाही. कोण आलं, कोण गेलं, सगळं धूसर आहे. वहिनी, मी खरंच असं म्हणाले होते?"

जे वाक्य टेलरताईला श्वासासकट पाठ होतं, ते बोलणारीला ठाऊकच नव्हतं! तिच्या घशातून एक आवाज निघाला, हसण्याचा की कसला ते तिघींपैकी कुणालाच कळलं नाही.

"म्हणाला होतात," ती शेवटी म्हणाली. "पण राहू द्या आता. मला अंगरखे उसवायचेत."

पुढचे चार दिवस दोघी कामापुरतंच बोलल्या. टेलरताई मधेच चिडायची, कारण नसताना ओव्हरलॉकचं झाकण आपटायची, आणि पाच मिनिटांनी सासूबाईंची गोळी आणि पाणी त्यांच्या हातात द्यायची. सासूबाई काही म्हणायच्या नाहीत. लाल अंगरख्याला त्यांनी बारा सोनेरी बटणं निवडून दिली, सगळी एकाच मापाची.

उत्सवाच्या सहाव्या दिवशी हॉलमध्ये युद्ध झालं असं ऐकलं. राक्षसाचं पुठ्ठ्याचं डोकं भाला लागायच्या आधीच पडलं म्हणे आणि पुन्हा बसवावं लागलं. सातव्या दिवशी सकाळी लग्न होतं. पिवळा जोड घेऊन टेलरताई निघाली, तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

टायरच्या दुकानावरचा जिना चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. आत सनई लागली होती आणि चाफ्याचा वास येत होता. दाराशी आल्यावर मात्र सासूबाई थांबल्या. चपलांच्या ढिगाशेजारी एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर बसल्या.

"चला ना आत."

"मी इथेच बरी."

"अहो आई, तुम्ही तर पाहिलंय त्याला! समोर उभं राहून!"

"तेव्हा कुठे भीती होती? आता आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू जा. तुझं काम आहे. बघून ये आणि मला सांग."

टेलरताईनं पिवळा जोड काखेत घेतला. ती आत गेली. पडद्यामागे पुजारी एका हातात फेटा आणि दुसऱ्या हातात भाला धरून तिचीच वाट बघत होते. अंगरखा घालायला दोन माणसं लागत होती. तिनं चष्मा काढला नाही. ठरवून नाही, खरं तर हातात टाचण्या होत्या आणि पाठीमागचे बंद फार बारीक होते. बंद बांधून झाले, खांद्याची शिवण सरळ केली, आणि मग फेटा नीट बसलाय का बघायला ती समोर आली.

ती बऱ्याच वेळानं दाराशी परत आली.

"कसा आहे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांची नजर चपलांवर होती.

"तरुण आहे," टेलरताई म्हणाली. "वीस-बावीसचा असेल. मिशी आहे, पण ती नंतर लावल्यासारखी वाटते. रागीट नाही वाटत. म्हणजे, मला तरी नाही वाटला. जरा गोंधळल्यासारखा दिसतो."

"आज लग्न आहे. गोंधळेल नाही तर काय! आणि त्या दोघी?"

"बऱ्या आहेत. रानातलीची साडी आखूड झाली थोडी. तिचा पाय पुढे टाकलेला आहे, ते कुणी सांगितलंच नव्हतं."

"दुमड किती सोडलीयस?"

"अर्धा इंच."

"मग खाली सोड की. सुई आणलीयस ना?"

आतून अक्षता घ्यायला बोलावणं आलं. पुजारीणबाईंनी दोघींच्या मुठी भरल्या आणि पुन्हा आत पळाल्या. टेलरताई उंबऱ्यावर उभी राहिली, धड आत नाही, धड बाहेर नाही, आणि मंगलाष्टकं सुरू झाल्यावर सासूबाईंनी बसल्या जागेवरून, डोळे घट्ट मिटून, अक्षता आतल्या दिशेनं जोरात फेकल्या. बऱ्याचशा सेक्रेटरीच्या डोक्यावर पडल्या.